अनुदानाची पाटी

शिपायाचं स्टूल दाराबाहेर असतं. आत साहेब बोलतात ते अर्धंच ऐकू येतं, पण बाहेर बाकावर बसलेली माणसं बोलतात ते सगळं ऐकू येतं. चहा येतो, फाईल येत नाही, आणि माणसं बोलत राहतात. असं करत करत किस्से साचतात, कोपऱ्यातल्या जुन्या कागदांसारखे. कागद निदान कधीतरी रद्दीत जातात. हे जात नाहीत. सांगायला घेतो तेव्हा हसू येतं, मग मध्येच थांबावंसं वाटतं. थांबलो तर समजून घ्या.

बीडला आमचं ऑफिस होतं. तुरुंगातून सुटलेल्या माणसाला धंदा उभा करता यावा म्हणून सरकार अनुदान द्यायचं, त्याचे कागद आमच्याकडून जायचे. पैसे हातात मिळत नसत. वस्तू मिळायची. हातगाडी, म्हैस, शिलाई मशीन, ज्याला जे जमेल ते. ऑफिसात माणसं तीन. जोशी साहेब, कारकून मुनीरबाबू आणि मी. मी चौथी शिकलेलो, पण अक्षर बरं. म्हणून पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे आलं.

नियमच होता तसा. दिलेल्या वस्तूवर पाटी पाहिजे, आणि पाटी, वस्तू, माणूस असा एकत्र फोटो वर गेला पाहिजे. फोटो गेला नाही तर अनुदानाचा पुढचा हप्ता बंद. पाटीवर काय लिहायचं तेही वरूनच आलेलं. 'सुटलेल्या बंद्यास शासकीय अनुदान.'

माणूस जे मागं टाकून घरी आलेला असायचा, ते मी त्याच्या दारात ऑइल पेंटनं लिहून यायचो. तेव्हा एवढं कळत नव्हतं. अक्षर देखणं आलं की मला बरं वाटायचं.

*

पालीला धरणाच्या रस्त्यावर एकाला सलूनची खुर्ची आणि आरसा दिला होता. माणूस बोलका, हात हलका. पाटी मी आरशासमोरच्या भिंतीवर लावली. म्हणजे गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की पाटी त्याच्या पाठीमागं, पण आरशात दिसायची.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. विचारलं, "पाटीचा काही त्रास?"

"न्हाई मामा," तो म्हणाला. "आरशात उलटी दिसती. वाचाया टाइम लागतो."

"आणि कुणी वाचायला लागला तर?"

"मान खाली दाबतो. म्हणतो, मागचे केस ऱ्हायलेत."

साहेब जीपमध्ये बसेपर्यंत हसत होते. मीही हसलो. आता वाटतं, दिवसाकाठी किती माना दाबाव्या लागत असतील त्याला.

*

केजला एक भाजीवाला होता. तहसीलसमोर हातगाडी लावायचा. हा एकटाच असा निघाला की ज्याला पाटी आवडली. मुद्दाम बीडला आला आणि मला म्हणाला, "मामा, अक्षरं बारीक हायेत. मोठी काढून द्या."

मी म्हटलं, "अरे, लोक पाटी झाकतात. तू मोठी मागतोस?"

"पाटी वाचल्यापून कुनी घासाघीस करंना. वांगी बी निवडून घेईनात. देईल ती घेत्यात आन लगालगा जात्यात."

मुनीरबाबूंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "का रे, तू आत कशासाठी गेला होतास?"

तो लाजला. "सायकल चोरली होती. पण ते पाटीवर लिवू नका."

*

दुष्काळाच्या एका वर्षी एकाला म्हैस दिली. गावात दूध संस्था होती. चेअरमन कडक. त्यानं पाटी बघितली आणि पहिल्या दिवसापासून याचं दूध वेगळं ठेवायला लावलं. बाकीच्यांचं एकदा तपासायचे, याचं दोनदा. हा रांगेत सगळ्यात शेवटी उभा राहायचा. कुणी सांगितलं नव्हतं, आपणहूनच.

उन्हाळ्यात पाणी टँकरचं. माणसाला प्यायला पुरत नव्हतं, तरी दुधात मात्र कुठून तरी पोचत होतं. वरून तपासणी आली. अख्ख्या गावाचं दूध नापास झालं, एका कॅनचं पास झालं. याच्या.

चेअरमननं सगळ्यांसमोर त्याला विचारलं, "तूच का रं पानी घातलं न्हाईस?"

तो म्हणाला, "चेअरमनसाहेब, आत काय असतं ते हितं मला एकट्यालाच ठाव हाय."

त्या दिवसापासून त्याचं दूध एकदाच तपासायला लागले. रांगेत मात्र तो शेवटीच उभा राहिला, म्हैस आटेपर्यंत.

*

बन्सी तलवाड्याच्या पुढच्या वस्तीवरचा. मेंढरं वळणाऱ्या घरातला. बांधावर चराईवरून भांडण झालं, रागात एक काठी बसली आणि समोरचा माणूस गेला. बन्सी आत गेला तेव्हा त्याची पोरगी साळू आठ वर्षांची होती. बाहेर आला तेव्हा लग्नाची.

बाकावर बसला की तो कुणाशी बोलायचा नाही. टोपी गुडघ्यावर ठेवायचा आणि दाराकडे बघत बसायचा. साहेबांनी विचारलं, काय देऊ? म्हणाला, "दुसरं काय येतंय? मेंढरं द्या."

मंजूर झालं. अर्धी मेंढरं आधी, अर्धी तपासणीनंतर. पण मेंढराला पाटी कुठं लावणार? साहेबांनी हुकूम काढला, अंगावर लिहा. एका मेंढरावर सगळं वाक्य मावेना. म्हणून चार मेंढरांवर एकेक शब्द काढला. फोटोला ती ओळीत उभी राहीनात. 'शासकीय' कुंपणात शिरायचं, 'बंद्यास' आडवं व्हायचं. शेवटी वस्तीवरचे चार गडी चार मेंढरं धरून बसले, तेव्हा कुठं फोटो निघाला.

दिवाळीनंतर तपासणीला गेलो, तर एकाही मेंढरावर अक्षर नाही. साहेब चिडले. ही तीच मेंढरं कशावरून?

बन्सी हळूच म्हणाला, "सायब, लोकर कातरली."

आमच्या तिघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं की मेंढरं कातरतात. मुनीरबाबूंनी वहीत लिहिलं, 'अक्षरे लोकरीबरोबर गेली.' साहेबांनी ते खोडलं आणि बन्सीला सांगितलं, मार्चच्या आत पुन्हा लिहून फोटो झाला नाही तर उरलेली मेंढरं विसर.

*

आता राहिला तो एकच किस्सा, तोही बन्सीचाच.

मार्च संपत आला होता. मी गेरूचा डबा आणि ब्रश घेऊन सकाळच्या एसटीनं तलवाड्याला उतरलो. या वेळी ऑइल पेंट नको, लोकर खराब होते, असं बन्सीनं हात जोडून सांगितलं होतं. साहेब बाराला जीपनं येणार होते, कॅमेरा घेऊन. ऊन असं, की वाटेतल्या बोरीला पान नव्हतं.

वस्तीवर पोचलो तर अंगण सारवलेलं. बन्सीच्या अंगावर धुतलेलं धोतर. मला बघून तो पळतच वाटेवर आला.

"मामा, आज पाव्हणे येनार हायेत. साळूला बघाया."

त्यांना काही सांगितलं नव्हतं. अकरा वर्षं बन्सी लांबच्या कारखान्यावर राखणदार होता, असं वस्तीनं ठरवलं होतं. पोरंसोरंसुद्धा तेच सांगायची. घर चांगलं होतं, मुलगा सालस होता, हुंड्याचा शब्द निघाला नव्हता. साळूला दोन ठिकाणांहून नकार आलेला, आणि कशामुळं ते तिला माहीत होतं.

"दुपारनंतर लिवा, मामा," बन्सी म्हणाला. "पाव्हणे गेल्यावर."

मी थांबायला हवं होतं. ब्रश विसरलो म्हणालो असतो, डबा सांडला म्हणालो असतो, तरी चाललं असतं. पण साहेब बाराला येणार, फोटो झाला नाही तर याचीच मेंढरं जाणार, असं माझ्या डोक्यात बसलेलं. मी म्हटलं, "मेंढरांच्या वाड्याच्या मागं लिहितो. पाहुणे तिकडं कशाला येतील?"

इतकी वर्षं त्या भागात काढून मला एवढं सुचलं नाही. मेंढरंवाल्याच्या घरी सोयरीक जुळवायला आलेला माणूस आधी मेंढरंच बघायला जातो. पोरगी मागाहून.

मी चौथं मेंढरू संपवत होतो, तेवढ्यात मुलाचा बाप आणि त्याचा मेहुणा वाड्यामागं आले. मागं बन्सी, हातात चहाची ताटली. मुलाचा बाप म्हातारा, फेटा बांधलेला, चालणं सावकाश. त्यानं एका मेंढराच्या पाठीवरून हात फिरवला, दात बघितले, मान हलवली. पसंत पडली होती मेंढरं. मग त्याला गेरू दिसला.

"मला वाचता येत न्हाई," तो मला म्हणाला. "काय लिवलंय हो मामा?"

मेहुण्यालाही येत नसावं, तोही माझ्याकडेच बघत होता. बन्सी माझ्याकडे बघत होता. घराच्या मागच्या दाराआड लुगड्याचा काठ दिसत होता, ती साळू.

मी आयुष्यात ऑफिसच्या कामात खोटं बोललो नव्हतो. त्या दिवशी बोललो. म्हटलं, "चांगली पैदास म्हणून सरकारचं बक्षीस आहे."

म्हातारा खूश झाला. मेहुण्याला म्हणाला, बघ, सरकारनं नावाजलेलं घर हाय. दोघं तिथल्याच खाटेवर बसले. मी ब्रश पुसत होतो. मला वाटलं, निभावलं.

बन्सीनं ताटली खाली ठेवली. टोपी काढली, हातात धरली.

"पाव्हणं," तो म्हणाला, "मामा माझ्यासाठी खोटं बोलले. बक्षीस न्हाई ते. मी कारखान्यावर नव्हतो. आत होतो. माझ्या हातनं मानूस गेलं."

मेहुणा उठला. म्हातारा बसूनच राहिला. त्यानं चहा उचलला आणि सगळा प्यायला, शेवटच्या घोटापर्यंत. मग उठून फेटा सारखा केला. बन्सीच्या खांद्यावर एकदा हात ठेवला, आणि जाताना माझ्यापाशी थांबला.

"त्याला लपवावं वाटलं, ते मी समजतो," तो म्हणाला. "बाप हाय. पण तुमी सरकारचे. तुमीच असं बोलल्यावर आमी खरं कुनाला इचारावं?"

मी खाली बघून डब्याला झाकण लावलं.

कळवतो म्हणून गेले. पुढं कधी काही कळवलं नाही.

वस्तीला दोन दिवसांआड टँकर यायचा, त्या दिवशी यायचा नव्हता. साळू घरातून हंडा घेऊन बाहेर आली. प्यायचं पाणी होतं ते. आई दारातून हाक मारत होती, तिनं ऐकलं नाही. एकेक मेंढरू पायात धरून तिनं पदरानं चारही धुतली, तांबडं पाणी मातीत जाईपर्यंत. मी बाजूला डबा घेऊन उभा होतो. बन्सी बघत होता, पण त्यानं तिला अडवलं नाही.

बाराच्या सुमाराला जीप आली. साहेब कॅमेरा गळ्यात अडकवून उतरले. मेंढरं ओली, स्वच्छ, उन्हात चमकत होती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"अक्षरं कुठं आहेत?"

साळूनं हंडा पालथा घातला.

"सगळ्यांनी ऐकलं, सायब," ती म्हणाली. "आता लिवून काय करायचं?"