उन्हातलं बाकडं

संस्थानची फौज मोडल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे की छावनी वस्तीतले शिपाई सूर्याजी महाडिक सरकारी बागेचे राखणदार झाले. मध्य भारताची राजधानी दर हिवाळ्यात इंदूरहून ग्वाल्हेरला येई, साहेबलोकही येत. त्यांच्यासाठी सूर्याजी उन्हातलं एकुलतं बाकडं दव पुसून राखून ठेवत. दुसरं कुणी टेकलं की हाकलत. छप्पन साली राजधानी भोपाळला गेली, ती गेलीच. तरी डिसेंबरात यांचं फडकं चालूच.

एका सकाळी त्यांच्या पत्नी सुलोचनाबाई डबा घेऊन आल्या आणि खुशाल बाकड्यावर बसल्या.

"अगं ऊठ! साहेबांची जागा आहे."

"अहो, साहेब भोपाळात ऊन खात बसलेत. तुम्हीही बसा."

महिनाभर आपण रिकाम्या लाकडावर पहारा दिला! फौज उगाच नाही मोडली, असं म्हणत सूर्याजी पोटभर हसले आणि बसले. अगदी कडेला, साहेबांपुरती जागा सोडून.