छातीचं माप

“सदरा म्हणजे कापड नव्हे वहिनी, छाती,” मास्तर एकदा म्हणाला होता.

वहिनीने ते हसण्यावारी नेलं होतं. मास्तर म्हणजे तिचा धाकटा दीर. इस्पितळाच्या तळघरात बसून रुग्णांचे कपडे शिवायचा. कुणा म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने त्याला सांगितलं होतं की अरबीत ‘सद्र’ म्हणजे छाती, त्यावरूनच आपला सदरा आला. जसा फारसीतल्या पाय आणि जामा यांतून पायजमा. पायजम्याचं तो विसरला, छाती मात्र धरून बसला. बाही आखूड झाली तर हसून उसवायचा. छाती अर्धा इंच चुकली की दिवसभर त्याच्या तोंडाला चव नसायची.

आता त्याच इस्पितळात, चार मजले वर, तिचा नवरा तीन महिने खाटेला खिळला होता. फुप्फुसं पोखरली होती. आता काही उरलेलं नाही, हे डॉक्टरांनी तिला आणि मास्तरला बाजूला घेऊन सांगितलं होतं; त्याला कुणीच सांगितलं नव्हतं. इस्पितळाचा सदरा त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबायचा.

“यात अजून एक पेशंट मावेल,” तो म्हणायचा. “पाठवा कुणी असेल तर.”

ते ऐकून ती खचायची. शेवटी तिने मास्तरला जिन्यात गाठलं.

“भावजी, एक सदरा शिवून द्या त्यांना. अंगात बसेल असा. ढगळ दिसला की ते स्वतःकडेच बघत राहतात.”

मास्तरने भाऊ झोपलेला असताना माप घेतलं. एकतीस. तो आकडा त्याने कागदावरही लिहिला नाही.

सदरा बसला. खांदा खांद्यावर, काज बटणावर, कुठे सुरकुती नाही. नवऱ्याने दोन्ही हात छातीवरून फिरवले आणि त्याचे डोळे आशेने लकाकले.

“बघितलंस? भरलो मी! ही ऑक्सिजनची नळी काढा. उद्या घरी.”

“अहो, डॉक्टरांना विचारू दे...”

“डॉक्टरांना काय कळतंय! माझा भाऊ शिंपी आहे.” त्याने नाकातली नळी स्वतःच ओढली. “मास्तर, अडतीस ना रे? पहिल्यासारखी?”

मास्तर खाटेच्या पायथ्याशी उभा होता. वहिनीने त्याच्याकडे बघितलं. हो म्हणा, असं तिला डोळ्यांनी सांगायचं होतं. पण तेवढ्यात नवऱ्याला ढास लागली, आणि नाही म्हणा, असंही तिला वाटलं. कुठलं सांगितलं ते तिचं तिलाच कळलं नाही.

“अरे, बोल की. थापा मारायला हे बाकीचे आहेत. मापात तू नाही मारायचास.”

मास्तरने वाकून नळी पुन्हा त्याच्या नाकाला लावली. गळ्याजवळचं बटण घट्ट होत होतं, ते सोडलं. नवरा हसत होता. मास्तरच्या चेहऱ्याकडे बघता बघता ते हसू जिथल्या तिथे थांबलं.

“किती रे?”

मास्तरने गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली आणि तो बाहेर निघून गेला.