शेवंता ऐकू आलं तरी यायची नाही

मरायची पाळी माझी होती आणि गेली शेवंता, माझी धाकटी बहीण. दीड महिना झाला. सालेकशाहून भाच्याचा फोन आला, ‘मामाजी, आई सकाळी आंगणातच पडली...’ पुढचं मी ऐकलंच नाही. मला रागच आला. असं कोणी न सांगता जातं का?

गेल्या हिवाळ्यात मला लकवा मारला, उजवी बाजू गेली. दवाखान्यातून गोरेगावला घरी आणलं, पण घरात करणारं कोण? बायको केव्हाच गेलेली. शेवंता एक पिशवी घेऊन आली ती आठ महिने राहिली. कूस कशी बदलायची, पाय कसा वाकवायचा, नर्सनं दाखवलेलं सगळं तिला पाठ. मी ओरडायचो, ती वाकवायचीच. ‘बोंबल दादा, छाती मोकळी होते,’ म्हणायची.

बोलावण्यासाठी तिनं मला थाळी-चमचा दिला होता. मी एसटीत कंडक्टर होतो. दोरी ओढली की गाडी थांबायची. इथं सुरुवातीला ही बाई धावत यायची, पण चार-पाच महिन्यांनी थाळी बडवून डावा हातही दुखायला लागला तरी पत्ता नाही! ‘काऊन वं, बहिरी झाली का?’ ‘भात शिजून राहिला. घाई असंन तं तूच ये.’ मग रागारागानं काठी घेऊन मी उठायचो. पलंगावरून खुर्ची, खुर्चीवरून भिंत... एक दिवस तिला शिव्या घालत चुलीपर्यंत पोचलो. ती नुसती हसली. पुढच्याच आठवड्यात धानाच्या रोवणीसाठी गावी निघाली. मी म्हणालो, ‘जा, कंटाळलीच होती तू.’ तेच आमचं शेवटचं बोलणं. पंधरा दिवसांत तो फोन आला.

परवा शेजारच्या कमलाबाई आल्या. तिचा विषय निघाला तशा म्हणाल्या, ‘भाऊ, तुमी थाळी वाजवत होते ना, तवा शेवंता त्या दाराआडच उभी राहे. तुमी पडले तं धरायले, दोन्ही हात पुढं करून. डोळ्यातून पाणी जाये, पण आत येत नव्हती.’

माझं तोंड आयुष्यभर नको तिथंच चाललं.

आता घरात मी एकटाच चालतो. त्या दाराशी आलो की पाय थबकतो. आड कोणी नसतं, ठाऊक आहे. तरी हळूच म्हणतो, ‘नाही पडत वं, शेवंते. हात दुखले असतील, खाली कर आता.’