पाठीवरचा पिवळा रंग

सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मी एक्सेलची शीट आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, आणि माझ्या सगळ्या मेंढ्या एका झटक्यात बिनरंगाच्या झाल्या.

एम.एस्सी.चा प्रोजेक्ट होता. आमच्या गावी वळसंगला आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, साठ मेंढ्या. निम्म्यांना मी तीन महिने खनिज मिश्रण चारलं होतं आणि पंधरवड्याला सगळ्यांची वजनं घेतली होती; ते संपून दीड महिना झाला होता. मिश्रणवालीच्या पाठीवर पिवळा पट्टा, शीटमध्येही तिची ओळ पिवळी. मेंढपाळाची पोर मी, मेंढी ओळखायची तर रंग लावायचा. वेगळा कॉलम करायचं डोक्यातच आलं नाही.

सॉफ्टवेअरसाठी शीट सीएसव्ही करून सेव्ह केली आणि गोंधळ नको म्हणून जुनी फाईल कायमची उडवली. काय पण हुशारी! सीएसव्हीत आकडे राहतात, रंग राहत नाहीत. आता कुठल्या मेंढीनं मिश्रण खाल्लं, देव जाणे. सोमवारी प्रोजेक्टच्या मॅडमना निकाल दाखवायचे होते, नाहीतर अख्खं सेमिस्टर पाण्यात.

आप्पांना फोन लावला. "मेंढ्यांच्या पाठीवरचा रंग हाय का अजून?"

"कुटला रंग? भादरून म्हैना झाला की."

मी रडायलाच लागले.

"रडतीस कशाला? ये हिकडं."

रविवारी गेले. आप्पांनी पहिली मेंढी धरली आणि कान उलटा केला. "डाव्या कानाला चीर हाय बघ. हिला तुजं औषद."

"ही कवा केली तुमी?"

"तू रंग लावलास त्याच दिशी. लोकर गेली की रंग बी जातो."

"मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू इचारलंस कुटं? शिकलेली हायस, म्हटलं तुजा काय तरी येगळा हिशेब आसंल."

मला लई लाज वाटली. मग आप्पा एकेक कान बघत गेले आणि मी गळ्यातल्या बिल्ल्याच्या नंबरासमोर लिहीत गेले. चीर असेल तर एक, नसेल तर शून्य. मध्येच आईनं चहा आणला. त्या दिवसाइतकं निवांत मी आप्पांजवळ कधी बसलेच नव्हते.

सोमवारी फाईल बिनबोभाट इम्पोर्ट झाली. मिश्रणवाल्यांची वजनं खरंच जास्त भरली होती. मॅडमनी शेवटच्या कॉलमवर बोट ठेवलं. "हे ‘कान’ काय आहे?"

"तो माझ्या वडिलांचा कॉलम आहे," म्हटलं. "बाकीचे सगळे माझे. पण तो नसता तर त्यातल्या एकाचाही उपयोग नव्हता."