दसऱ्याला अडणारं मशीन

ती घटना मला दरवर्षी दसऱ्याला हटकून आठवते. मी तेव्हा मिरा रोडला तपास अधिकारी होतो. पूनम सागरमधल्या एका व्यावसायिकाने तक्रार अर्ज दिला. त्याच्या मालकीची जुनी ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार चालवणारी मूळ प्रणाली, पूर्वीचा भागीदार चोरून पतपेढ्यांच्या मशीनवर टाकतोय, असं त्याचं म्हणणं. भागीदार जेसल पार्कात राहणारा, मूळचा रत्नागिरीचा. तो म्हणे, प्रणाली माझीच. लेखी करार नव्हता. गुन्हा दाखल होऊन अटक झाली असती, तर एकाही पतपेढीने त्याला दारात उभं केलं नसतं, आणि त्याचं घर त्याच कामावर चालत होतं.

मशीन पाहायला काशीगावच्या पतपेढीत गेलो. तिथल्या वयस्कर व्यवस्थापकाने चहा पुढे करत खबर दिली, "साहेब, ह्ये दसऱ्याला चालू होत न्हाय. कीबोर्डवरचं ह्ये लांब बटण पाच येळा दाबावं लागतं, मगच सुरू. का, ते आमाला ठाव न्हाय."

ज्याने प्रणाली बनवली, त्यालाच कारण माहीत असणार. दोघांना पोलीस ठाण्यात बोलावून वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि एकच प्रश्न विचारला.

तक्रारदार हसला. "पहिल्या दसऱ्याला याने मशीनची पूजा केली, साहेब. कुंकवाची पाच बोटं लावली. ओलं कुंकू कीबोर्डमध्ये गेलं, दिवसभर धंदा बंद. मी म्हटलं, पुढच्या वर्षी पूजा प्रणालीतच घाल बाबा, कुंकवाऐवजी पाचदा बटण."

भागीदार म्हणाला, "कीबोर्ड मी बिघडवला. युक्ती त्याची. पंचांग बघून तारखा मी भरल्या."

एक जण खोटा पडेल, असा माझा हिशेब होता. तो चुकला. दोघांना समोरासमोर आणलं.

"कीबोर्ड पुसायला मीच बसलो होतो," तक्रारदार म्हणाला.

"आणि मिसळ कोणी आणली?" भागीदाराने विचारलं.

मी अटक केली नाही. चोरी दिसत नाही, मालकी दिवाणी न्यायालयाने ठरवावी, असा अहवाल वरिष्ठांना पाठवला.

"मी दावा लावणार," जाताना तक्रारदाराने भागीदाराला बजावलं.

"लाव. मशीन अडलं तर फोनपण लाव. तुला कुठे दुरुस्त करता येतंय?" भागीदार म्हणाला.

एकत्र काम केलेली माणसं चोरीची तक्रार घेऊन येतात, तेव्हा बहुतेक वेळा ती न झालेली वाटणी असते. नंतरच्या नोकरीत अशा अर्जदाराला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: वेगळे कधी झालात?

दावा अजून चालू आहे. माझी साक्ष झाली. दोन्ही वकिलांनी मालकीचा पुरावा म्हणून माझ्याकडून एकच गोष्ट वदवून घेतली, तोच दसरा.