लाल शाईची रेघ

त्या काळी माझ्या अक्षराचा मला भलताच गर्व होता. सोलापुरातल्या आमच्या ठाण्यात मी रायटर हवालदार. चोर पकडल्याचं एकही बक्षीस नावावर नाही, पण नोंदी अशा की साहेबांनी चष्मा काढून वाचाव्यात.

वरून आदेश आला, पोलिसात सगळ्या समाजांतले तरुण आले पाहिजेत. साहेबांनी मला सेटलमेंटला, इंग्रजांनी कुंपणात डांबलेल्या जमातींच्या वस्तीत, पाठवलं. तिथल्या जमातींवरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का पुसून, तारेचं कुंपण काढून वीसेक वर्षं होऊन गेली होती. मी ओट्यावर चढलो आणि टोपी सावरत, खाकीत सगळे सारखे, असं भाषण ठोकलं. एक म्हातारा शांतपणे म्हणाला, "व्हय साहेब. मग चोरी झाली की मला न्यायला माजंच पोरगं येणार की."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी.

घरफोडी कुठंही होवो, सेटलमेंटातले दोघं-तिघं उचलून आणायचे, दिवसभर व्हरांड्यात बसवायचे, संध्याकाळी सोडायचे, ही आमची रीत. म्हाताऱ्याच्या नावाच्या नोंदी माझ्याच अक्षरात होत्या.

त्याचा मुलगा खरंच भरतीला आला. धावण्यात पहिला, छाती मापात. उरली घरच्यांची चौकशी, आणि तो कागद माझ्याकडेच आला. पोराचं भलं करायचंच, असं मी ठरवलं. लिहिलं, 'वडिलांना संशयावरून वेळोवेळी आणले. काही आढळले नाही.' शेवटचं वाक्य नजरेत भरावं म्हणून त्याखाली लाल शाईनं झोकदार रेघ मारली.

आमच्याकडे लाल रेघ फक्त वाईट शेऱ्याखाली मारतात. जन्म कागदात घालवलेल्या मला हे आठवलं, तेव्हा नामंजुरीचं पत्र आलं होतं. वर कुणी रेघ पाहिली, वाक्य वाचलं नाही. साहेबांच्या हातापाया पडलो. ते म्हणाले, यादी लागली, आता काही होत नाही.

माझ्या रेघेनं घात केला, हे मुलाला जाऊन सांगायचा मला धीर झाला नाही. महिन्याभरात पेठेत घरफोडी झाली. माणसं कमी होती, म्हाताऱ्याला आणायला मलाच धाडलं. दारात मुलगा उभा होता. भरतीसाठी बारीक कापलेले केस अजून वाढले नव्हते.

"आप्पाला ताप हाय," तो म्हणाला. "आज मी येतो. न्हायतरी तुमच्या ठाण्यात यायचंच हुतं की मला."

दिवसभर तो व्हरांड्यात ताठ बसून होता. संध्याकाळी मी नोंदवहीत त्याचं नाव पहिल्यांदा घातलं. पुढं लिहिलं, 'काही आढळले नाही.'

अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.