हात बाहेर आहेत, चालव

माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात रंगलेल्या गप्पा मी एक शब्दही न उच्चारता मारल्या आहेत. माझ्यासारख्या बोलघेवड्या माणसाने हे सांगितलं की घरचे हसतात. पण अंबडच्या आमच्या कारखान्यात पत्रा ठोकणारी जुनी यंत्रं एकदम सुरू झाली की स्वतःचा खोकलासुद्धा ऐकू येत नसे, तिथे बोलणार काय? मग हात बोलायचे. मिशीला पीळ दिला की सुपरवायझर येतोय. पोटावरून हात फिरवून तोंड वाकडं केलं की कँटीनला पुन्हा उपमा. डोळे चोळले की माझ्या जोडीदाराची सासुरवाडी, कारण ती सटाण्याकडची, कांद्याच्या व्यापाऱ्यांची.

जोडीदार म्हणजे यंत्राच्या पलीकडे उभा राहणारा. तो साच्यात पत्रा ठेवायचा, मी पायाने पॅडल दाबायचो. पत्रा नीट बसला की तो दोन्ही पंजे खांद्याच्या वर धरून मला दाखवायचा. माझे हात बाहेर आहेत, चालव. ते पंजे दिसल्याशिवाय माझा पाय कधी खाली गेला नाही. त्याची बोटं शाबूत राहिली त्याचं श्रेय मी घ्यायचो आणि दर दसऱ्याला त्याच्याकडून पेढे उकळायचो.

मग कारखाना सुधारला. इथे एखादा टोमणा मारायची मला फार खुमखुमी येते, पण मारणार नाही, कारण तो खरोखरच सुधारला. छपरावर सोलर आलं. नवी ऑटोमॅटिक लाइन जुन्यापेक्षा कमी वीज खाते, पत्र्याची कातरण कमी निघते, गटारात तेल जात नाही. आणि आवाज? एखाद्या दवाखान्यात शिरल्यासारखं वाटतं. माल वाहायला बिनड्रायव्हरच्या छोट्या गाड्या आल्या. त्या आपल्या पाठीमागून टीटी करत येतात आणि आपण बाजूला व्हायचं.

त्या शांततेत पहिल्यांदा सगळ्यांच्या लक्षात आलं की माझ्या जोडीदाराला ऐकू येत नाही. इतकी वर्षं कळायचं कारणच नव्हतं, तिथे सगळेच बहिरे होते. कानात घालायचे बोळे मिळत, पण ते घामाने चिकचिकायचे, म्हणून आम्ही शूर लोक ते खिशात ठेवायचो.

मनुष्यबळाचं नवं नियोजन झालं. कोण कोणत्या कामाला लागेल ते ठरवायचं, त्याआधी सगळ्यांची तपासणी. ज्याला गाडीचा इशारा ऐकू येणार नाही त्याला लाइनवर जागा नाही, त्याने स्वेच्छानिवृत्ती घ्यावी.

"घे ना," मी त्याला कँटीनमध्ये कानाशी ओरडून म्हणालो. "मळ्यात जा, कोथिंबीर लाव, आराम कर."

"मळा भाऊ बघत्यात," तो म्हणाला. "आन घरी सगळे तोंडानं बोलत्यात रे. काय कळत नाय. नातू समोर बसून काय काय सांगतो, मी नुसती मुंडी हालवतो. इथं मला सगळं कळतं. इथं मी बहिरा नाय."

असं ऐकल्यावर माझ्यासारखा माणूस गप्प बसेल?

तपासणीची गाडी कारखान्याच्या आवारात उभी होती. आत काचेची खोली. कानाला हेडफोन लावायचा, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. बाहेर तपासणाऱ्या मुलीच्या यंत्रावर, आवाज सोडला की एक बारीक दिवा लागायचा. पुढचा नंबर माझा, म्हणून मी दारात उभा. मला दिवा दिसत होता आणि जोडीदाराला मी. दिवा लागला की मी नाक खाजवायचं, एवढंच ठरलं होतं.

पण नुसतं नाक खाजवून माझं समाधान कसं व्हावं? दुसऱ्या दिव्याला मी भुवई उडवली, तिसऱ्याला मिशी पिळली, नंतर जांभई दिली, मग डोळे चोळले. तो आत सासुरवाडीच्या आठवणीने खुदकन हसला आणि बटण दाबलं. काय प्रयोग रंगला होता!

मुलीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. तिच्या हातात हेडफोनच्या वायरचं टोक होतं. कधी उपसलं होतं कोण जाणे.

"काका, वायर काढल्यावरही यांना ऐकू येतंय," ती म्हणाली. "चमत्कारच आहे."

मी हात जोडले. "ताई, चांगला माणूस आहे हो. सांभाळून घ्या."

ती रागावली असती तर मी तिला हसवलं असतं, ती कला मला येते. पण ती रागावली नाही. "यांच्या मागून गाडी आली, तर त्या वेळी तुम्ही समोर उभे असाल का?" एवढंच तिने विचारलं.

काचेच्या आत तो बटणावर अंगठा ठेवून, माझ्या पुढच्या खुणेची वाट बघत होता.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "गाडीला आवाजाबरोबर समोरच्या भिंतीवर एक दिवाही लावा, हा माणूस काम करेल." साहेब भले होते. म्हणाले, "सूचना छान आहे, पुढच्या टप्प्यात घेऊ." घेतलीसुद्धा, तो निवृत्त झाल्यावर. आता तो नारिंगी दिवा लागतो आणि आम्ही सगळे, ऐकू येणारे, त्याच्याकडे न बघता बाजूला होतो.

निरोप समारंभ मीटिंग हॉलमध्ये होता. साहेब मनापासून बोलले. हार घातलेला माझा जोडीदार सगळ्यांकडे बघून हसत होता, आणि भलत्याच वाक्याला टाळी वाजवत होता. निवेदन अर्थातच माझ्याकडे. कारखान्यातलं कुठलंही माइक लावलेलं कार्य माझ्याशिवाय पार पडत नाही. मी दमदार भाषण पाठ करून आलो होतो.

माइक हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि माइक टेबलावर ठेवून दिला.

मग मी हातांनी बोललो. सुपरवायझर, उपमा, सासुरवाडी, पेढे, सगळं. जुन्या यंत्रांवरचे लोक मागच्या खुर्च्यांवर पोट धरून हसत होते. नव्या पोरांना काही कळत नव्हतं. तो मात्र एकही खूण चुकवत नव्हता, पुढे झुकून बघत होता. शेवटी मी दोन्ही हात पसरून विचारलं, आता मी कुणाशी बोलू?

तो उठला. हार सरळ केला. दोन्ही पंजे खांद्याच्या वर धरून त्याने मला दाखवले आणि तसाच उभा राहिला.

टेबलाखाली माझा उजवा पाय हळूच खाली दाबला गेला.